सिसिलीत काय खावं, कुठे खावं? (सोबत शाकाहारी आई आणि सर्वाहारी नवरा)

जास्वंद_९

नमस्कार मंडळी,

मे अखेरीस सिसिलीला जायचं ठरतंय. आम्ही म्युनिकला असतो, आई सांगलीहून आली आहे, तिला घेऊनच निघणार. पालेर्मोला उतरायचं, मग त्रापानी, शेवटी कातानियाहून परत. सिराकूझा आणि मोदिका मधे बसवायचा विचार आहे. गाडी भाड्याने घेतोय.

प्रश्न खाण्याचा. नवरा कोल्हापूरचा, त्याला काहीही चालतं, जितकं विचित्र तितका तो खूश. मी मासे खाते, मटणबिटण नाही. आई पक्की शाकाहारी. केक-बिस्किटातल्या अंड्याबद्दल ती विचारत नाही, आम्ही सांगत नाही, पण त्यापलीकडे काही नाही. रोमला बिचारीने पिझ्झा मार्गारीटावर दिवस काढले होते. या वेळी ते नकोय.

नेटवर ‘टॉप टेन’ याद्या ढिगाने आहेत, पण सगळ्या एकमेकींवरून उतरवल्यासारख्या वाटतात. कोणी राहून, फिरून, खाऊन आलं असेल तर लिहा.

गव्हाची_लोंबी

जास्वंद, मी पालेर्मोत शिकायला होते, तेव्हा पालेर्मोबद्दल हक्काने बोलते. कातानियाचं दुसरं कोणी सांगेल.

रेस्टॉरंटची यादी करूच नकोस. या बेटावर गाव बदललं की ताट बदलतं. तिल्लीचा पाव पालेर्मोचा, कुसकूस त्रापानीचं, वांग्याचा पास्ता ‘नोर्मा’ कातानियाचा, चॉकलेट मोदिकाचं. जे जिथलं ते तिथेच खायचं. पालेर्मोच्या बंदरावर बसून नोर्मा मागवली तर मिळेल, पण ती पर्यटकांसाठी केलेली असेल.

दुसरं म्हणजे वेळा. जेवण दुपारी एक ते तीन, रात्री आठनंतर. मधल्या वेळात चांगल्या ठिकाणी स्वयंपाकघर बंद असतं आणि जे उघडं असतं तिथे खाऊ नये. आईंना सातला जेवायची सवय असेल तर ‘रोस्तिचेरिया’ किंवा ‘ताव्होला काल्दा’ अशी पाटी शोधा. काचेच्या कपाटात गरम पदार्थ मांडलेले असतात, बोट दाखवायचं आणि घ्यायचं.

आता आईंसाठी. पालेर्मोत त्यांची चंगळ आहे, कारण तिथल्या रस्त्यावरचा राजा बेसनाचा आहे. पानेल्ले. हरभऱ्याचं पीठ पाण्यात घोटून घट्ट शिजवायचं, पातळ थापायचं, गार झालं की तुकडे करून तळायचं. थोडी पार्सली, मीठ, वरून लिंबू. तीळ लावलेल्या मऊ पावात पाच-सहा कोंबून देतात. सोबत बटाट्याचे लांबट क्रोक्के मागा, पुदिन्याचा वास येतो. बालारो बाजारात सकाळी अकराच्या सुमारास जा, कढई तापलेली असते आणि गर्दी अजून गावातल्यांचीच असते. कापो बाजारही चांगला. वुच्चिरिया आता दिवसा जवळजवळ नावालाच बाजार उरलाय, तिथे रात्री पोरं प्यायला जमतात. तुम्हाला आईसोबत तिथे काही काम नाही.

मेमध्ये फ्रित्तेद्दा कुठे दिसली तर सोडू नका. ताजा बाकला, मटार आणि आर्टिचोक ऑलिव्हच्या तेलात मंद शिजवलेले. वसंतातच मिळते आणि मेअखेरीस संपत येते. कापोनाता बारमाही: तळलेलं वांगं, सेलरी, ऑलिव्ह, केपर (खारवलेल्या कळ्या), वर व्हिनेगर-साखरेचा आंबटगोड हात. गार खायची, केल्याच्या दुसऱ्या दिवशी जास्त चांगली लागते.

आता खड्डे सांगते, हे लिहून घे:

‘आरांचीना आल बुर्रो’ म्हणजे लोण्याची, असं वाचून आईंना देशील. आत हॅम असतं! भाताच्या त्या तळलेल्या गोळ्यात शाकाहारी हवं तर पालकाची माग, आणि तरी विचार.

‘स्फिंचोने’ हा जाड, लुसलुशीत, कांदा-टोमॅटोचा पावपिझ्झा. वरून अगदी निष्पाप दिसतो. कांद्याच्या रश्शात अँचोव्ही (खारवलेला छोटा मासा) विरघळवलेली असते.

‘पाने कुन्झातो’ म्हणजे टोमॅटो, चीज, ओरेगानो घातलेला भरलेला पाव. यातही अँचोव्ही. पण हा समोर भरून देतात, ‘सेन्झा अच्चूगे’ (अँचोव्ही नको) म्हणालीस की काम होतं.

नुसतं ‘व्हेजितारियाना’ म्हणून भागत नाही. बऱ्याच जणांच्या लेखी हॅम हे मांस नव्हे आणि मासा तर नव्हेच नव्हे. वस्तूचं नाव घेऊन विचारायचं: प्रोशुत्तो (हॅम) आहे का, अच्चूगे आहे का, स्त्रुत्तो आहे का. स्त्रुत्तो म्हणजे डुकराची चरबी.

अळूची_फदफदी

पानेल्ले!! तोंपासु (तोंडाला पाणी सुटलं).

निर्विकार

लोंबीताई, स्त्रुत्तोचं नाव काढलंत तर पूर्ण सांगा की. कान्नोली म्हणजे गोड सारण भरलेली तळलेली नळी, तिच्या कवचाच्या पिठात परंपरेने तीच चरबी घालतात, आणि जुन्या पद्धतीने तळतातही तिच्यातच. शिवाय चीजमधलं रेनेट, म्हणजे दूध जमवणारा पदार्थ, वासराच्या नाहीतर कोकराच्या पोटातून येतं. पेकोरीनो, पार्मेजान, अशा बऱ्याच चीजांत. मग शाकाहारी उरलं काय?

जास्वंद_९

निर्विकार, रेनेटचा विषय आमच्या घरी अंड्यासारखाच आहे, विचारायचं नाही. पण चरबीचं सांगितलंत ते बरं झालं, कान्नोली तर तिला खिलवायचीच होती. काही मार्ग?

गव्हाची_लोंबी

विचारायचं. काही दुकानं आता लोणी किंवा तेल वापरतात आणि विचारलं की सरळ सांगतात. नाहीच जमलं तर आतलं सारण वेगळं मिळतं, मेंढीच्या दुधाचा गोड रिकोत्ता (मऊ ताजं चीज), तो वाटीत घ्या.

आणि कान्नोली घ्यायच्या तर आधीच भरून ओळीने मांडून ठेवलेल्या घेऊ नका. कवच ओलं पडतं, मग त्यात काही राम नाही. चांगल्या ठिकाणी तुम्ही सांगितल्यावर भरतात. पालेर्मोत पियात्सा बेल्लीनीवर सांता कातेरीनाचा मठ आहे. तिथल्या जोगिणींनी शतकानुशतकं मिठाया केल्या, आता मठातच ‘इ सेग्रेती देल क्योस्त्रो’ नावाचं दुकान चालतं, निरनिराळ्या मठांच्या जुन्या पाककृतींचं. कान्नोली तळहाताएवढी, समोर भरतात. ती हातात घेऊन आतल्या चौकात संत्र्याच्या झाडांपाशी बसायचं. आईंना बाकी काही आवडलं नाही तरी हा चौक आवडेल. चढ-पायऱ्याही फार नाहीत.

आईंसाठी बिनधास्त गोड: ब्यांकोमान्ज्यारे, बदामाच्या दुधाची घट्ट खीर, स्टार्चवर जमवलेली, जिलेटिन सहसा नाही. जेलो दी मेलोने, कलिंगडाचा रस तसाच स्टार्चवर जमवून जाईच्या फुलांचा वास दिलेला, पण तो भर उन्हाळ्यातला, मेमध्ये मिळेलच असं नाही.

कट्ट्यावरचा_गण्या

कोल्हापूरकर जावईबापूंचं कोणी बघतंय का इथे?

वहिनी, साहेबांना पालेर्मोत उतरल्या उतरल्या पानि का मेउसा खायला न्या. वासराची तिल्ली आणि फुप्फुस. (बीफ चालत नसेल त्या वाचकांनी पुढचा परिच्छेद सोडा.)

करणारा माणूस बघण्यासारखा. समोर तिरकं ठेवलेलं मोठं पातेलं, तळाला चरबीचा तलाव, चढाच्या बाजूला उकडून पातळ कापलेले काप निथळत ठेवलेले. ऑर्डर आली की काप खाली सरकवतो, दोन काट्यांच्या लांब चमच्याने परततो, पाव फाडतो, काप पावात भरून तोच पाव पातेल्याच्या कडेला दाबून जास्तीची चरबी पिळून काढतो आणि मग लिंबू. सगळं होईपर्यंत तो तुमच्याकडे बघतही नाही. फक्त एक प्रश्न: स्क्येत्ता की मारिताता? म्हणजे कुमारी की विवाहिता. कुमारी नुसत्या लिंबावर, विवाहितेत रिकोत्ता आणि किसलेलं काचिओकाव्हालो चीज. साहेबांनी दोन्ही खाऊन बघाव्यात, मला विचाराल तर कुमारीच.

कुठे? बंदराजवळ ‘पोर्ता कार्बोने’. किंवा ‘आंतिका फोकाच्चेरिया सान फ्रांचेस्को’, १८३४ पासूनची. ती आता जरा पर्यटकी झाली आहे, पण तुमच्यासाठी सोयीची, बसायला टेबल आहे आणि एकाच टेबलावर साहेबांना तिल्ली, आईंना पानेल्ले.

असं सांगतात की हा पदार्थ पालेर्मोच्या ज्यू खाटकांचा. धर्मामुळे कापण्याचे पैसे घेता येत नसत, म्हणून मजुरीत आतडी-कातडी मिळायची, ती ते विकायचे. स्पेनच्या राजाने १४९२ च्या फर्मानाने ज्यूंना हाकललं, पाव मात्र गावात राहिला. चीज अर्थातच नंतर आलं, ज्यूंना मांसासोबत दुधाचं चालत नाही.

संध्याकाळी बालारोकडे धुराचे लोट दिसले की समजायचं स्तिग्घ्योला. कोकराची आतडी कांद्याच्या पातीवर गुंडाळून निखाऱ्यावर. वजडी आवडणाऱ्याला वेगळं सांगायला नको.

उंडगा_उनाड

गण्या, सविस्तर आणि भयंकर. वाचनखूण साठवली आहे.

दर्याची_पोर

मी मालवणची, म्हणून माशांचं मी लिहिते.

आधी मनाची तयारी करा. मसाला नाही. तिखट नाही, नारळ नाही, कोकम नाही. मीठ, लिंबू, ऑलिव्ह तेल आणि मासा. पहिल्या दिवशी मला वाटलं, हे काय आजाऱ्याचं जेवण. तिसऱ्या दिवशी मासा किती ताजा आहे ते कळायला लागलं आणि तक्रार संपली.

पास्ता कोन ले सार्दे पालेर्मोची: तारली, रानबडीशेपेचा पाला, बेदाणे, पाइनचे दाणे, केशर. माशात बेदाणे बघून नाक मुरडू नका, हा अरबांचा हात आहे. ८३१ मध्ये त्यांनी पालेर्मो घेतलं आणि लिंबू, ऊस, वांगी असलं बरंच काही बेटावर रुजलं. पास्त्याचंही तेच. अल-इद्रिसी या भूगोलकाराने ११५४ मध्ये सिसिलीच्या रॉजर राजासाठी जो ग्रंथ पुरा केला त्यात पालेर्मोजवळच्या त्राबियात ‘इत्रिया’ नावाच्या शेवया करून गलबतांनी दूरदूर पाठवतात असं लिहिलंय. मार्को पोलो जन्मायच्या शंभर वर्षं आधी!

त्रापानीत माशाचं कुसकूस खाल्ल्याशिवाय निघालात तर मी बोलणार नाही. रव्यावर पाणी शिंपडत मातीच्या पसरट परातीत बोटांनी गोल गोल फिरवून दाणे वळतात, सावकाश वाफवतात, मग माशाच्या रश्शात भिजवून पांघरुणात गुंडाळून मुरत ठेवतात. ट्युनिशिया समोरच आहे, येणंजाणं पिढ्यानपिढ्यांचं. ताटात कुसकूस आणि बाजूला रस्सा वेगळा देतात, ओतून घ्यायचा. आदल्या दिवशी सांगावं लागतं अशी ठिकाणं सर्वात चांगली.

कातानियाची पेस्केरिया, म्हणजे मासळीबाजार, दुओमोच्या (कॅथेड्रलच्या) चौकाला लागूनच. सकाळी जायचं, रविवारी नाही. तलवारमाशाची मुंडकी चोच वर करून मांडलेली, पायाखाली पाणी, कानात आरडाओरडा. आपल्या मासळीबाजारात वाढलेल्या माणसाला एकदम घरी आल्यासारखं वाटतं. आईंना मात्र तिथे नेऊ नका, वरच्या कठड्यावरून बघू द्यात.

मेसिनाच्या सामुद्रधुनीत तलवारमाशाचा हंगाम मेमध्ये सुरूच असतो. तोच घ्या, पातळ कापात पावाचा चुरा, केपर, चीज भरून गुंडाळ्या करतात.

पूर्वकिनारा

आता कातानियाचं. (आमचं इथे नोकरीनिमित्त वास्तव्य आहे.)

सकाळचा नाश्ता ग्रानिता आणि ब्रिओश (गोडसर मऊ पाव). हो, नाश्त्याला, सकाळी आठला. बर्फाचा गोळा समजू नका, त्यात बर्फाचे खडे नसतात, घोटून घोटून मऊ केलेली असते. बदाम, कॉफी, लिंबू, पिस्ता आणि मे संपताना काळी तुती यायला लागली असेल तर ती. ब्रिओशच्या डोक्यावर एक छोटा अंबाडा असतो, आधी तो तोडायचा, ग्रानितात बुडवायचा. ग्रानिता फळ-साखर-पाण्याची, पण ब्रिओशमध्ये अंडं असतं आणि कधी चरबीही, विचारा. बदामाची खायला नोतोच्या ‘काफे सिचिलिया’त जा, १८९२ पासूनचं. मोदिकाच्या वाटेवरच आहे.

पिस्ता ब्रोंतेचा, एटनाच्या लाव्हावर वाढणारा, वर्षाआड काढणीचा. त्याला युरोपीय नामसंरक्षण आहे. आइसक्रीम पोपटी दिसलं की पुढच्या दुकानात जा, खरं मातकट हिरवं असतं.

दुपारी पास्ता आल्ला नोर्मा: टोमॅटो, तळलेलं वांगं, तुळस आणि वर खारवलेला रिकोत्ता किसून. आई हेच रोज मागतील, मागू द्या. कातानिया संगीतकार बेल्लीनीचं गाव, त्याच्या ऑपेराचं नाव या ताटाला.

काचेच्या कपाटातले कातानियाचे खड्डे: ‘चिपोल्लीना’ म्हणजे कांद्याची पफ. आत हॅम. ‘कार्तोच्चाता’, आत हॅम. ‘सिचिलियाना’, आत अँचोव्ही. वांगं घातलेला ‘आरांचीनो आल्ला नोर्मा’ बरा.

आणि उन्हात दमलात की पियात्सा उम्बेर्तोवरचे जुने कियोस्क. सेल्त्झ, लिमोने ए साले मागा. माणूस दोन लिंबं दांडीच्या यंत्रात पिळतो, चमचाभर मीठ टाकतो, वरून सोड्याची धार मारतो. ग्लास उसळून वाहायला लागतो, तो तसाच, उभ्या उभ्या, एका दमात. उन्हाळ्यात रात्री दोनलाही रांग असते. आईंना यात नवीन काही वाटणार नाही, पण दुसरा ग्लास मागतील.

साहेबांना संध्याकाळी व्हिया प्लेबिशितो. फुटपाथवर शेगड्या, घोड्याचं मांस.

निर्विकार

घोडा???

पूर्वकिनारा

घोडा.

कट्ट्यावरचा_गण्या

कोल्हापुरात कळवू नका म्हणजे झालं.

बाकी पूर्वकिनारा, ‘आरांचीनो’ काय? ती आरांचीना आहे. गोल, पालेर्मोची.

पूर्वकिनारा

आमचा टोकदार असतो, एटनासारखा. आणि पुल्लिंगी. विषय संपला.

गव्हाची_लोंबी

इथे यावरून खरोखर घरं फुटतात हो, सोडा.

जास्वंद, एक महत्त्वाचं राहिलं. पालेर्मोत दुकानाच्या दारावर ‘अद्दियोपित्झो’चा स्टिकर दिसला तर तिथे आवर्जून खा. पित्झो म्हणजे माफियाची खंडणी. २००४ मध्ये काही तरुणांनी रातोरात शहरभर पत्रकं चिकटवली, खंडणी देणारा समाज हा स्वाभिमान गमावलेला समाज आहे, अशा अर्थाची. त्यातून ही चळवळ उभी राहिली. खंडणी देणार नाही असं जाहीर करणारे दुकानदार तो स्टिकर लावतात. चव तीच, पण पैसे कुठे जातात ते कळतं. ‘माफिया’ नावाचे टीशर्ट आणि ‘गॉडफादर’ पाट्या लावलेल्या खानावळी मी तरी टाळते.

सुपारीचं_खांड

मोदिकाबद्दल कोणीच लिहीना म्हणून.

तिथलं चॉकलेट चावलं की साखर करकरते. जुनाट किंवा बिघडलेलं नाही, करतातच तसं. कोको फार न तापवता साखर मिसळतात, त्यामुळे साखर विरघळत नाही. दूध नाही, जादा लोणी नाही. दालचिनी आणि मिरचीचं पारंपरिक, बाकी पन्नास चवी पर्यटकांसाठी. ‘बोनायूतो’ हे १८८० पासूनचं दुकान, तिथे चाखायला तुकडे ठेवलेले असतात.

पण त्याच दुकानांत ‘म्पानातिग्घी’ नावाचं बिस्किट मिळतं. हुबेहूब छोटी करंजी. आईंना हमखास मोह होईल. आत चॉकलेट, बदाम आणि खिमा. गोमांसाचा. अजिबात लागत नाही, हीच तर भीती.

आईंचं जेवण: स्काच्चा. रागूझा-मोदिकाची पातळ पोळी, टोमॅटो-चीज भरून घडीवर घडी घालून भाजलेली. बेकरीत मिळते. वांग्याची, कांद्याचीही असते. गाडीत खायला उत्तम, सांडत नाही.

दर्याची_पोर

त्रापानीत आईंना काय, हे माझ्याकडून राहिलं. बुझियाते, तारेवर पिळलेला पास्ता, त्यावर त्रापानीचा पेस्तो: कच्चे बदाम, लसूण, टोमॅटो, तुळस खलात कुटून. लसूण झणझणीत असतो, आमच्या माणसांना आवडेल असा. भाज्यांचं कुसकूसही ठेवतात, पण रश्श्याचं विचारून घ्या, बऱ्याचदा तोच माशाचा रस्सा फिरतो.

एरीचे डोंगरावर आहे, केबल कार जाते. वर मारिया ग्रामातिको यांचं मिठाईचं दुकान. लहानपणी त्या तिथल्याच मठातल्या अनाथालयात होत्या, जोगिणींचं बघत शिकल्या आणि पुढे स्वतःचं दुकान काढलं. ‘जेनोवेझी’ गरम असतानाच खा. कस्टर्ड आहे, म्हणजे अंडं, म्हणजे विचारायचं नाही.

जास्वंद_९

अरे देवा, किती लिहिलंत सगळ्यांनी! प्रिंट काढून ठेवते. नवऱ्याला गण्याचा प्रतिसाद वाचून दाखवला, तो तिकिटं अलीकडे ओढायच्या गोष्टी करतोय. आईला करंजीचं सांगितलं, ती म्हणाली, मी चॉकलेटला हात लावणार नाही आता.

दोन शंका. बिलात ‘कोपेर्तो’ लावतात ते काय? आणि आईला दुपारी चारला चहा लागतो, त्याचं काय करायचं?

पूर्वकिनारा

कोपेर्तो म्हणजे बसायचे माणशी दोन-तीन युरो, पाव त्यातच येतो. फसवणूक नाही, मेनूवर बारीक अक्षरात लिहिलेला असतो. वेगळी टिप द्यायची गरज नाही. बारमध्ये मात्र उभं राहून कॉफी घेतली तर एक भाव, टेबलावर बसलात तर दुसरा. पर्यटकी चौकात तो दुप्पटही असतो.

गव्हाची_लोंबी

चहा विसरा. बारमध्ये गरम पाण्याचा कप, बाजूला पिशवी आणि लिंबाची फोड देतील. दूध मागितलंत तर गार, छोट्या चंबूत. छोटी किटली आणि चहा पावडर घरून न्या, स्वयंपाकघर असलेलं घर भाड्याने घ्या. आलं विसरलात तर बालारोच्या आसपास बांगलादेशी आणि श्रीलंकन तमिळांची दुकानं आहेत, पालेर्मोत त्यांची वस्ती मोठी आहे. आलं, वेलची, हिरवी मिरची, कोथिंबीर, तूरडाळ सगळं मिळतं. एखाद्या रात्री आईंनी आमटी-भात टाकला तरी कोणी सिसिलीचा अपमान समजणार नाही.